बेरिलबाई आणि बोंडोचं डुक्कर

आमच्या सिप्लेती गावात इंग्रजी येणारा माणूस एकच. तो म्हणजे मी! मी स्वतःच सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका, गावात कुणालाही विचारा. निदान गेल्या द्राक्षतोडणीपर्यंत तरी विचारायला हरकत नव्हती.

तरुणपणी मी पोतीच्या बंदरातून सुटणाऱ्या एका मालवाहू बोटीवर नोकरीला होतो. बटाटे सोलायला. पण बोट परदेशी, कप्तान परदेशी, बटाटेसुद्धा परदेशी! अशा वातावरणात इंग्रजी माणसाच्या अंगात आपोआप मुरतं. 'नो स्मोकिंग', 'कॅप्टन स्लीपिंग', 'मोअर पोटॅटो' असली वाक्यं मी आजही झोपेत घडाघडा बोलतो. बायको म्हणते, झोपेतच बोलत जा.

ही बायको म्हणजे इझोल्दा. आमच्या शाळेची मुख्याध्यापिका. गावात तिला सगळे घाबरतात, आणि त्या सगळ्यांत मी पहिला. शाळेतल्या इंग्रजीच्या बाई लग्न करून कुतायसीला गेल्या आणि ती जागा रिकामी पडली ती पडलीच. मग शिक्षणखात्याच्या कचेरीतून निरोप आला, की तोडणी आटोपली की साहेब तपासणीला येतील. इंग्रजी शिकवलं जात नसेल तर वरचे वर्ग बंद, पोरांनी डोंगरापलीकडच्या शाळेत जावं. आता आमच्याकडे हिवाळ्यात डोंगरापलीकडे जायचं म्हणजे पोरं शाळेत पोचायच्या आधी लांडग्यांची हजेरी लागणार!

पण इझोल्दा हार मानणारी नव्हे. तिने फोन करकरून राजधानीतल्या लोकांचे कान किटवले आणि परदेशातून फुकट शिकवायला येणाऱ्या मंडळींतल्या एक बाई गावासाठी मिळवल्याच! इंग्लंडच्या. नाव बेरिल. राहणार आमच्याच घरी.

"सगळं खरं," इझोल्दा म्हणाली, "पण त्यांचं बोलणं आम्हाला सांगणार कोण?"

मी छाती पुढे काढली. पोट आधीपासूनच पुढे होतं. "दुभाषा घरात बसलाय आणि तू गावभर काय शोधतेस?"

"नुगझार, तुला बटाट्यांच्या पलीकडचं काही येतं का?"

"येऊ देत बाईंना. मग बघ!"

बाई आल्या. साठीच्या, शिडशिडीत, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, गाल टोमॅटोसारखे लाल आणि पायात गमबूट. ऊन कडकडीत, रस्ता कोरडा ठणठणीत, तरी गमबूट! मी म्हटलं, बाई तयारीच्या दिसतात.

त्याच दुपारी आमच्या अंगणात मेजवानी मांडली. तामादा, म्हणजे पेले उचलताना भाषणं करणारा मेजवानीचा म्होरक्या, अर्थातच मी. टेबलाच्या बरोबर मधोमध भाजलेलं डुकराचं पिल्लू, तोंडात लाल मुळा धरून ऐटीत बसलेलं. ते शेजारच्या बोंडोने पाठवलं होतं. बोंडो माझा लहानपणापासूनचा मित्र, आणि तेव्हापासूनचाच शत्रू. त्याने स्वतः उठून पिल्लाची तंगडी मोडली आणि बाईंच्या ताटात ठेवली.

बाई एकदम उभ्या राहिल्या. गाल होते त्याहून लाल झाले. छातीवर हात ठेवून त्या काहीतरी लांबलचक बोलल्या. अख्खं टेबल माझ्याकडे बघायला लागलं.

"काय म्हणाल्या रे?" बोंडोने विचारलं.

त्या एवढ्या मोठ्या वाक्यातले मला तीन शब्द सापडले होते. पहिला 'अफ्रेड', म्हणजे भीती. दुसरा 'अ‍ॅनिमल्स', म्हणजे जनावरं. आणि तिसरा 'व्हेजिटेरियन'. आता आमच्या भाषेत गुरांच्या डॉक्टरला 'वेतेरिनारी' म्हणतात. इंग्रज लोक शब्दांचं मधल्या मध्ये काहीतरी करून ठेवतात हे मला बोटीवरच कळलं होतं. तेव्हा मी पेला उंच धरला आणि गरजलो, "बाई म्हणतात, मी गुरांची डॉक्टर आहे! जनावरांवर माझा फार जीव! आणि तुम्ही एवढा मान दिलात, तर मला भीतीच वाटायला लागली!"

टाळ्यांचा नुसता पाऊस! गावात गुरांचा डॉक्टर यायचा तो तालुक्याहून, आणि तोसुद्धा बहुधा जनावर मेल्यावर सांत्वनाला. आपलं म्हणणं लोकांना एवढं आवडलं हे बघून बेरिलबाईंनीही हसून हात जोडले आणि ती तंगडी हळूच बोंडोच्या ताटात सरकवली.

बोंडोचा चेहरा पडला. "म्हणजे? माझं डुक्कर चालत नाही?"

आता काही खरं नाही असं वाटलं. पाहुण्याने घास नाकारला की आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं. पण टेबलाच्या टोकाला बसलेली पेपेला आजी कडाडली, "अरे मेल्या बोंडो, डॉक्टर कधी आपल्या पेशंटला खाईल का रे?"

हशा उसळला! पिल्लाला मानाने उचलून दुसऱ्या टोकाला नेलं. बाईंच्या पुढ्यात घेवड्याची उसळ, मक्याची भाकरी, चीज आणि अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी आली. बाईंनी असा काही ताव मारला की बघतच राहावं! मी माझ्याच इंग्रजीच्या नावाने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. इझोल्दा तेवढी माझ्याकडे रोखून बघत होती.

"गुरांच्या डॉक्टर? मला फोनवर कुणी बोललं नाही ते."

"फोनवर सगळं कुठे सांगतात गं!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाशी पेपेला आजी हजर. सोबत मर्जाना. मर्जाना म्हणजे आजीची गाय. नवा पत्र्याचा गोठा बांधल्यापासून ती रुसली होती आणि दूध थेंबभर देत नव्हती. बेरिलबाईंनी गाय बघितली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जशी काही सख्खी बहीणच भेटली! तिच्या कपाळावर खाजवलं, गळ्यात हात टाकला, कानात बराच वेळ गोड गोड बोलल्या. मग आजीकडे वळून एक वाक्य बोलल्या.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" आजीने विचारलं.

मला 'वॉक' ऐकू आलं होतं आणि 'सन' ऐकू आलं होतं. सोपं होतं! "आजी, त्या म्हणतात, हिला रोज मुलाबरोबर फिरायला पाठवा."

"कुणाच्या मुलाबरोबर?"

"तुमच्या! आणखी कुणाच्या?"

आजीचा मुलगा जुंबेर हा गावातला सगळ्यात आळशी माणूस. तो पलंगावरून उठला की लोक विचारतात, भूकंप झाला का? पण डॉक्टरचं औषध म्हणजे औषध. दुसऱ्या दिवसापासून जुंबेर पुढे आणि गाय मागे, कधी गाय पुढे आणि जुंबेर मागे, अशी वरात नदीकाठाने भर उन्हात निघायला लागली. थोड्याच दिवसांत मर्जानाने बादली भरली, आणि जुंबेरचं पोट असं उतरलं की त्याला पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं!

मग काय! बातमी वणव्यासारखी पसरली. रोज दुपारी आमच्या फाटकाशी रांग. शिंगं मोडलेल्या शेळ्या, खुडूक कोंबड्या, उदास गाढवं. एकाने तर मधमाश्यांची पेटीच आणली! बेरिलबाई एकेकाचं नाव विचारायच्या, पाठ थोपटायच्या, दोन शब्द बोलायच्या. माणसांपेक्षा जनावरांशी त्यांचं जास्त जुळायचं. आणि नवल म्हणजे जनावरं बरीही व्हायची. आमच्याकडे कोंबडीशी दोन शब्द गोड बोललंय कोण आजवर?

शाळेत मात्र अंधार! वर्गात पोरं अशी गप्प बसायची की फळ्यालासुद्धा अवघडल्यासारखं व्हावं. बेरिलबाई चित्रं दाखवायच्या, गाणी म्हणायच्या, नाचायच्यासुद्धा. पोरं आपली जमिनीकडे बघत. साहेब यायचे दिवस जवळ येत होते आणि इझोल्दाची झोप उडाली होती.

"एक पोर तोंड उघडत नाही, नुगझार! शाळा गेली आपली."

आणि तेवढ्यात माझ्या धंद्यात स्पर्धक उभा राहिला. पेपेला आजीची नात झुझुना. दहा वर्षांची, दोन वेण्या, आणि जीभ तिसऱ्या वेणीएवढी लांब. एका दुपारी माझी बाही ओढून म्हणते, "नुगझारकाका, बाई म्हणाल्या कोंबडीला सावलीत ठेवा. तुम्ही सांगितलंत शेडमध्ये कोंडा."

"तेच ते!"

"तेच कसं? शेडमध्ये सावली असते, पण सावली म्हणजे शेड नव्हे!"

लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण जनावराबरोबर दुभाषा म्हणून आपापलं पोर आणायला लागला. वर्गात 'माझं नाव अमुक' म्हणायला लाजणारी पोरं फाटकाशी मात्र जिवाच्या आकांताने बोलायला लागली. कारण ती शेळी त्यांची होती! तिचा पाय दुखत होता! ती रात्री काय खाते, कुठे झोपते, कुणावर चिडते, हे बाईंना कळलंच पाहिजे होतं. शब्द अडला की पोर तिथल्या तिथे लंगडून दाखवायचं, बें बें करून दाखवायचं, आणि बाई तो शब्द त्याच्या तोंडात घालायच्या. चित्रं, गाणी सगळं बाजूला पडलं. बेरिलबाईंनी शाळेचा फळाच उचलून आमच्या फाटकाला टांगला!

माझ्याकडे आता कुणी बघेना. मी आपला अंगणात बसून अक्रोड फोडत होतो. तेव्हा झुझुना शेजारी येऊन बसली आणि सहज म्हणाली, "काका, 'व्हेजिटेरियन' म्हणजे मांस न खाणारा माणूस."

अक्रोडाऐवजी माझा अंगठा फुटला.

"कोण म्हणतं?"

"बाईच म्हणाल्या. गुरांच्या डॉक्टरचा शब्द वेगळा आहे. लांब आहे."

बोंडोला हे कळलं असतं तर तो माझ्या मयतीलासुद्धा हसत आला असता. मी झुझुनाला घरातली सगळ्यात लांब चुर्चखेला दिली. द्राक्षांच्या रसात बुडवलेली ती अक्रोडांची माळ बघितली की आमच्या पोरांना दुसरं काही सुचत नाही. "हे बघ बाळ, ही गोष्ट आपल्या दोघांतच."

"हो काका," ती तोंड भरून म्हणाली. मला जरा बरं वाटलं.

शेवटी साहेब आले. नाव एल्गुजा. करडा सूट, करडा टाय, करडा चेहरा. वर्गात गेले, सगळ्या पोरांना न्याहाळलं आणि पुस्तकी इंग्रजीत विचारलं, "तुमचा छंद कोणता?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अहो, छंद कुठून सांगणार? सिप्लेतीत छंद कुणालाच नाही, कामं आहेत! साहेबांनी पुढचं विचारलं. तेही पुस्तकातलंच. पोरं जमिनीकडे बघत राहिली. बेरिलबाई ओठ चावत होत्या. दारात उभ्या असलेल्या इझोल्दाचा रंग खडूसारखा झाला होता. तिची आयुष्यभराची शाळा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी! एवढ्या वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझा बोटीवरचा कप्तान आठवला आणि वाटलं, आपण समुद्रात उडी मारावी. पण समुद्र लांब होता.

साहेब पेन्सिल खिशात ठेवतात न ठेवतात तोच धाडकन दार उघडून बोंडो आत! अंगावर द्राक्षांचे डाग, डोक्यावर टोपी उलटी.

"डॉक्टरीणबाई! धावा! जनरल मडक्यात पडला!"

जनरल म्हणजे बोंडोचं डुक्कर. गाढवाएवढं! आणि मडकं म्हणजे वाइनचं. आमच्याकडे ती गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली असतात आणि एकेकात माणूस उभा मावतो. बोंडोने एक मडकं घासून धुऊन उघडं ठेवलं होतं. शेजारी द्राक्षांच्या आंबलेल्या चोथ्याचा ढीग. जनरल कोंडवाड्यातून सुटला, त्याने तो सगळा ढीग चापला, तर्र झाला, आणि झोकांड्या खात थेट आत!

अख्खा वर्ग बाकांवरून उड्या मारत पळाला. पाठोपाठ बाई, इझोल्दा, मी, आणि सगळ्यांच्या मागे साहेब. त्यांना कुणी थांबा म्हटलं नाही, चला म्हटलं नाही.

मडक्यातून असा आवाज येत होता की जणू एखादा ऑपेरा गायक उलटा टांगलाय! दोर सोडून झाला, जनरलने दोर चावला. जुंबेर आत उतरायला निघाला, आजीने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. "आत जनरल किंवा तू, एवढीच जागा आहे रे!"

"अहो, गुरांचा डॉक्टर बोलवा!" साहेब ओरडले.

सगळ्यांनी बेरिलबाईंकडे बोट दाखवलं.

"या? या तर शिक्षिका ना?"

"दोन्ही, साहेब, दोन्ही!" मी घाम पुसत म्हणालो.

साहेबांनी बाईंकडे वळून तो लांब शब्द उच्चारला आणि विचारलं, तुम्ही ते आहात का? बेरिलबाई मडक्यात डोकावत होत्या. जनरलच्या आरड्याओरड्यात त्यांना काय ऐकू आलं देव जाणे. "येस, येस! व्हेजिटेरियन!"

साहेबांच्या भुवया वर गेल्या. माझा जीव खाली गेला. पण त्याच क्षणी जनरलने अशी किंकाळी फोडली की सगळं बुडालं. आणि मग मंडळी, चमत्कार! आमच्या त्या मुक्या वर्गाचा बांधच फुटला!

"बेरिल, द पिग इज ड्रंक!"

"तो घाबरलाय! त्याचा मागचा पाय दुमडलाय!"

"पुन्हा दोर सोडू नका सांगा त्यांना!"

सगळं इंग्रजीत! एकाच वेळी! बेरिलबाई पोटावर आडव्या पडून मडक्यात बघत होत्या आणि पोरांना उलट विचारत होत्या. मडकं खाली रुंद आहे का? तळ फुटका आहे का? डुकरांना पोहता येतं का? पोरं मोठ्यांना विचारायची आणि उत्तर बाईंना द्यायची. मग बाई उठल्या आणि ओरडल्या, "वॉटर!"

एवढं तर मला येत होतं! "पाणी पाजा! बाई म्हणतात, डुकराला पाणी पाजा!"

"काका, तुम्ही बाजूला व्हा!" झुझुनाने मला ढकललंच. "पाजायचं नाही, भरायचं! मडकं भरा! तो तरंगत वर येईल!"

ओढ्यापासून मडक्यापर्यंत माणसांची ओळ लागली. बादल्या, पातेली, हंडे, जे मिळेल ते हातोहात. साहेबांनी सुटाचा कोट काढून कुंपणावर टांगला आणि ते बोंडो आणि पेपेला आजीच्या मधे उभे राहिले. त्यांनी जरा दम घेतला की आजी बोटाने टोचायची, "हलव हात, सरकारी!" पाणी चढत गेलं, जनरल चढत गेला. आधी कान दिसले, मग डोळे, आणि मग बाटलीच्या बुचासारखा जनरल मडक्याच्या तोंडाशी! माणसांनी चहूकडून धरून ओढला. तो चार पावलं चालला, साहेबांच्या शेजारी उभं राहून त्याने सगळं अंग झटकलं, आणि तिथेच आडवा होऊन घोरायला लागला.

जयघोष, मिठ्या, टोप्या हवेत! बोंडो रडला. मीही रडलो, पण ओल्या चेहऱ्यावर कुणाला कळलं नाही.

ठिबकणारे साहेब पोरांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, डुक्कर आता बरी आहेत का? एका चिमुरड्याने तिथल्या तिथे सांगितलं, "साहेब, 'पिग आर' नाही, 'पिग इज'. एकच आहे."

साहेब हसले. करडा चेहरा हसला! इझोल्दाला म्हणाले, "बाई, हे वर्ग मी बंद केले तर माझं इंग्रजी कोण सुधारणार?"

इझोल्दाने भर अंगणात मला मिठी मारली. मला का, ते मला आजही कळलेलं नाही. बहुधा मी सगळ्यात जवळ होतो.

लगेच बोंडोच्या अंगणात टेबलं लागली. साहेब बेरिलबाईंशी बराच वेळ बोलत बसले होते. मी तिसरा पेला उचलून गुरांच्या डॉक्टरवर भाषण सुरू केलं, तर साहेब मोठ्याने म्हणाले, "अहो, कसल्या डॉक्टर! या फक्त मांस खात नाहीत. त्यांना वाटलं, तुमच्याकडे पाहुण्याला घरातल्या सगळ्यांची ओळख करून द्यायची पद्धत आहे, अगदी कोंबड्यांसकट!"

पेला माझ्या हातात थिजला. आता बोंडो हसणार. आता गाव पेटणार. मी डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. मी एक डोळा उघडला. पेपेला आजी शांतपणे भाकरी मोडत होती.

"हे माहितीये की आम्हाला! झुझुनाने त्याच दिवशी सांगितलं सगळ्या गावाला. डॉक्टरीण हे नाव तेवढं चिकटलं."

"माझी चुर्चखेला खाऊन?"

"खाता खाता."

"मग तुम्ही जनावरं का आणत राहिलात?"

"वा रे वा! पोरं बोलायला लागली होती ती! इझोल्दानेच तर घरोघर येऊन सांगितलं, की तपासणी होईपर्यंत रोज काही ना काही आजारी पाडा. माझी मर्जाना तर कधीच बरी झाली होती. मी तिला लंगडायला शिकवलं!"

मी बायकोकडे बघितलं. ती साहेबांना वांगी वाढण्यात अगदी गुंग झाली होती.

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू दुभाषा आहेस ना," बोंडो म्हणाला, "म्हटलं तुला कळलंच असेल!" आणि मग तो हसला. अजून हसतोय.

बेरिलबाई आणखी एक वर्ष राहणार आहेत. गावाने त्यांना एक शेळी भेट दिली, ती आमच्या पलंगाखाली झोपते. आणि बाईंनी मोठ्यांसाठीही वर्ग काढलाय असं ऐकून मी पहिल्या दिवशी ऐटीत गेलो. बाईंनी माझं इंग्रजी ऐकून घेतलं, अगदी मन लावून. मग हाताला धरून मला शेजारच्या खोलीत नेलं, पहिलीच्या पोरांत.

तिथे मी सध्या पुढच्या बाकावर बसतो. शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीचं बघून लिहायला गेलो, तर तिने हाताने वही झाकली. पण एक गोष्ट छाती ठोकून सांगतो: उंचीत अख्ख्या वर्गात पहिला नंबर माझाच आहे!